न सांगितलेले दुखणे

दिवाळीच्या अंकात या विषयावर लिहावे की लिहू नये, याचा मी पुष्कळ दिवस विचार केला. एका हातात चकली आणि दुसऱ्या हातात अंक, असा आपला वाचक बसलेला असतो. त्याच्यापुढे मूळव्याध आणि भगंदर यांची कथा मांडली, तर तो चकलीही खाली ठेवील आणि अंकही. पण मग मनात आले की, चार दिवस तळलेले खाऊन आणि पाण्याचा तांब्या विसरून भाऊबीज पार पडली म्हणजे, याच वाचकांपैकी कितीतरी जण परसाकडे जाताना कपाळाला आठ्या घालणार आहेत. ते कोणाला सांगणार नाहीत एवढेच. तेव्हा त्यांच्यासाठी म्हणून लिहितो. बाकीच्यांनी पुढचे पान उलटावे. तेथे कविता असेल.

मी डॉक्टर नाही, वैद्य नाही. मॅट्रिकपुढे माझे शिक्षण नाही. शाळेत मुलांना इतिहास शिकवतो आणि उरल्या वेळात कादंबऱ्या लिहितो. ज्या धुळ्यात इतिहासाचार्य राजवाडे यांनी १९२६ सालच्या अखेरच्या दिवशी देह ठेवला, त्या गावात राहून इतिहासाचा नाद लागला नाही तरच नवल. परंतु इतकी वर्षे शिकवून एक गोष्ट माझ्या ध्यानात आली आहे. कोण कोणत्या गादीवर बसला हे इतिहास सांगतो. त्याला धड बसवत होते की नाही, हे काही तो सांगत नाही.

या विषयाकडे मी वळलो तो पुस्तकामुळे नव्हे, माझ्या वडिलांमुळे.

आम्ही त्यांना नाना म्हणत असू. आमचे गाव पारोळ्याजवळ. नाना जळगावच्या एका मालकाच्या ट्रकवर ड्रायव्हर होते. रावेर-सावद्याकडची केळी भरायची आणि दिल्लीला पोचवायची. परतताना मिळेल तो माल. वाटेत ढाब्यावर जेवण, झोप बसल्या जागी. पाणी कमी प्यायचे, कारण वारंवार गाडी थांबवायला नको. आणि परसाकडची हाक आली तरी पुढच्या मुक्कामापर्यंत दाबून ठेवायची. वैशाखात भुसावळच्या बाजूला जी भट्टी पेटते ती ज्यांनी सोसली आहे, त्यांनी त्या भट्टीत इंजिनाशेजारी दिवसभर बसण्याची कल्पना करावी.

मी आठवीत होतो. नाना एका खेपेहून परतले आणि ओट्यावर बसताना एका अंगावर कलून बसले. दुसऱ्या दिवशी जेवायला बसले ते उकिडवे. मायने विचारले तेव्हा म्हणाले, "काही नई व्हयनं, उष्णता शे." आमच्या खानदेशात उष्णता हा शब्द फार कामाचा आहे. तोंड आले, उष्णता. डोळे आले, उष्णता. अंगावर उठले, उष्णता. त्या शब्दाच्या पांघरुणाखाली माणूस वाटेल ते दुखणे घेऊन निजू शकतो. मायने सब्जाचे पाणी केले, ताक दिले. नानांना रात्री ताप भरला. दुखणे ठणकत होते हे त्यांच्या जबड्यावरून कळत होते. पण नेमके कोठे, हे त्यांनी मायलाही सांगितले नाही. आणि तिसऱ्या दिवशी, ट्रकचे भाडे ठरलेले होते म्हणून, बुडाखाली सायकलची ट्यूब फुगवून घालून ते दिल्लीला निघून गेले.

आठ दिवसांनी आले ते हसतच आले. वाटेत कोठेतरी ते गळू आपोआप फुटले होते. पू गेला, ठणका गेला, ताप गेला. "बरं व्हई गयं," म्हणाले. मायने देवापुढे नारळ फोडला.

ते बरे होणे नव्हते. त्या दिवसापासून अकरा वर्षे नानांच्या धोतराच्या आत फडक्याची एक घडी असे. ती घडी माय निराळी धूत असे आणि निराळीच वाळत घालीत असे, परसातल्या शेवग्याच्या पलीकडे, जेथे कोणाचे लक्ष जाणार नाही. मला ती एकदा दिसली. मी विचारले नाही. घरात चौघे जण, चौघांनाही ठाऊक, आणि अकरा वर्षांत एकाच्याही तोंडून एक शब्द नाही.

पुढे मोठेपणी सुश्रुतसंहितेचे मराठी भाषांतर हाती आले. निदानस्थानाचा चौथा अध्याय उघडला आणि मी थक्क झालो. नानांच्या त्या आठ दिवसांची हकीकत तेथे जशीच्या तशी लिहिलेली होती. सुश्रुत म्हणतो, गुदाच्या भोवती दोन अंगुळांच्या आत जी पुळी उठते, जिचे मूळ खोल असते, जिच्याबरोबर वेदना आणि ताप असतो, ती साधी पुळी समजू नये. ती भगंदराची पिडका. ती पिकली नाही तोवर तिला पिडका म्हणावे. पिकून फुटली की भगंदर. म्हणजे दोन रोग नव्हेतच. एकाच रोगाचे आजचे नाव आणि उद्याचे नाव. मधले जे चार-सहा दिवस, तेवढेच काय ते वैद्याच्या हाती असतात. तेच नानांनी ट्यूबवर बसून घालवले.

प्राचीनांनी या जागेच्या दुखण्यांना किती मोठा मान दिला होता, हे पाहण्यासारखे आहे. अष्टमहागद म्हणून ज्या आठ मोठ्या, दुर्धर व्याधी त्यांनी काढून ठेवल्या, त्यांत वातव्याधी, प्रमेह, कुष्ठ, मुतखडा, मूढगर्भ आणि उदर यांच्या पंक्तीला अर्श म्हणजे मूळव्याध आणि भगंदर असे दोन आहेत. आठांत दोन! ज्याला आपण आज फिदीफिदी हसतो, त्याला त्यांनी महारोगांच्या रांगेत बसवले होते. तपासण्याचे यंत्रही सांगून ठेवले आहे. लोखंडाचे, हस्तिदंताचे, शिंगाचे किंवा लाकडाचे. गायीच्या आचळासारखे निमुळते, चार अंगुळे लांब. एका छिद्रातून पाहायचे, दुसऱ्यातून औषध लावायचे. इलाजाचे चार मार्ग दिले आहेत: औषध, क्षार, डाग आणि शस्त्र. कोठेही लाजलेले नाहीत.

भगंदराच्या प्रकारांना दिलेली नावे तर कोणा कवीला सुचावीत अशी आहेत. चाळणीसारखी शंभर तोंडे पडतात तो शतपोनक. उंटाच्या मानेसारखी पिडका उठते तो उष्ट्रग्रीव. शंखाच्या वेढ्यासारखा आत वळत जातो तो शंबूकावर्त. आणखी दोन आहेत. त्यांपैकी उन्मार्गी हा जेवणात गिळले गेलेले हाड आत रुतल्याने होतो, असे म्हटले आहे. ज्याने हे लिहिले त्याने पुष्कळ रोगी डोळ्यांनी पाहिले असले पाहिजेत.

मूळव्याधीची कारणे सांगताना सुश्रुताने जी यादी दिली आहे ती वाचताना मला नानांची केबिन दिसू लागली. अवेळी आणि जेवणावर जेवण करणे, उकिडवे बसणे, जनावराच्या पाठीवरून सतत प्रवास करणे, मलमूत्राचे वेग दाबून ठेवणे. घोड्याच्या जागी ट्रक घाला, की झाले. मराठ्यांच्या घोडदौडींचे वर्णन करणाऱ्या पुष्कळ बखरी मी वाचल्या. एका दमात पन्नास कोस घोडा फेकणाऱ्या त्या शूरांपैकी किती जण मुक्कामाला उतरल्यावर पालथे निजत असतील, याबद्दल एक अक्षरही मला सापडले नाही.

येथे मिरचीविषयी दोन शब्द बोलले पाहिजेत, नाहीतर खानदेशी वाचक मला सोडणार नाहीत. आमच्याकडे शेवभाजी, ठेचा, काळ्या मसाल्याचा लाल तवंग. त्यामुळे मूळव्याध म्हणजे तिखटाची शिक्षा, असा सर्वांचा ठाम समज आहे. पण मिरची हे पीकच मुळी आपले नव्हे. पोर्तुगीज दर्यावर्दी आल्यानंतर ती अमेरिकेतून इकडे आली. सुश्रुताने मिरची पाहिलीही नव्हती, तरी त्याच्यापुढे मूळव्याधीच्या रोग्यांची रांग होती. तिखटाने मोड येतात असे अद्याप कोणी सिद्ध केलेले नाही. गुदाला चीर पडलेली असेल तर मात्र ते आग करते, हे खरे. कारणे दुसरीकडेच आहेत. कोंडा काढलेले अन्न, कमी पाणी, कुंथणे, तासन् तास एका जागी बसणे, बायकांच्या बाबतीत गरोदरपण. आमची कळण्याची भाकरी आणि मेथीची भाजी बिचारी निरपराध आहे.

आणि मोड म्हणजे तरी काय? पूर्वी समजत की, फुगलेल्या शिरा. १९७५ साली थॉमसन नावाच्या शल्यविशारदाने दाखवून दिले की, गुदद्वाराच्या आतल्या बाजूला प्रत्येकाच्याच मऊ गाद्या असतात, तुमच्या, माझ्या, राजाच्या आणि भिकाऱ्याच्या. त्या दार घट्ट बसवण्याच्या कामी येतात. त्यांचे धरून ठेवणारे धागे सैल पडले की त्या घसरतात, सुजतात, रक्त देतात. ते रक्त बहुधा वेदनेवाचून येते. एखाद्या दिवशी अचानक कडेला निळसर, टणक, वाटाण्याएवढी गाठ येते आणि बसू देत नाही. ती आत रक्त गोठल्याची खूण. दोन-तीन दिवस फार छळते, मग कोमट पाण्याच्या टोपात बसत गेल्याने ओसरू लागते. शौचाच्या वेळी काच फिरल्यासारखे होऊन पुढे तासभर आग होत राहिली तर ती बहुधा चीर. परंतु जी सूज दिवसागणिक वाढते, ठणकते, झोप उडवते आणि ताप आणते, ती वेगळी. आतल्या बाजूला ज्या बारीक ग्रंथी असतात त्यांतील एखादीचे तोंड बुजते, तेथे पू होतो, आणि तो स्नायूंच्या मधून वाट काढीत कातडीकडे येतो. ॲलन पार्क्स या इंग्रज शल्यविशारदाने १९६१ साली ही उपपत्ती नीट मांडली. बाहेरचे तोंड फुटले तरी आतले मूळ तसेच राहते; दोहोंमध्ये जे भुयार उरते तो भगंदर. पिडकेचे मूळ खोल असते असे जे सुश्रुताने म्हटले, ते हेच. असल्या गळवावर नुसत्या गोळ्या खाऊन भागत नाही. वेळीच चिरा देऊन पू काढावा लागतो, आणि मधुमेही माणसाने तर एक रात्रही थांबू नये. चिरा दिल्यावरही दर तिघांमागे निदान एकाला पुढे भगंदर होतोच. पण तो लवकर कळतो, आणि मधल्या काळात पू आडव्यातिडव्या वाटा खणीत नाही.

रक्त दिसले की ते मूळव्याधीचेच, असे घरबसल्या ठरवणेही धोक्याचे. आतड्याच्या कर्करोगाचे रक्तही त्याच वाटेने येते. ते डॉक्टरने ठरवावे.

आता एका राजाची गोष्ट सांगतो. औरंगजेबाने विजापूर घेतले ते १६८६ सालच्या सप्टेंबरात. इकडे संभाजी महाराज त्याच्याशी झुंजत होते. त्याच वर्षी तिकडे फ्रान्सचा चौदावा लुई खुर्चीत कलून बसत होता. हा लुई आपल्याला अगदीच परका नाही. तावर्निये नावाचा जो फ्रेंच जवाहिऱ्या सुरतेहून नवापूर, नंदुरबारच्या वाटेने बऱ्हाणपूरला जात असे आणि ज्याने आमच्या खानदेशच्या रस्त्याचे वर्णन लिहून ठेवले, त्यानेच हिंदुस्थानातून नेलेला मोठा निळा हिरा या लुईला विकला होता. असा हा हिऱ्यांचा धनी. त्याला वर्षाच्या आरंभी त्या जागी सूज आली, तिचे गळू झाले, गळवाचा भगंदर झाला. लेप झाले, मलमे झाली, निरनिराळ्या झऱ्यांची पाणी आधी दुसऱ्या रोग्यांवर लावून पाहिली. शेवटी शस्त्र लावायचे ठरले. त्याचा शस्त्रवैद्य फेलिक्स. त्याने यापूर्वी हे काम केलेले नव्हते. मग इस्पितळांतून तोच रोग असलेली गोरगरीब माणसे गोळा करून त्याने महिनोन् महिने त्यांच्यावर हात बसवला. त्यांतले काही दगावले म्हणतात. त्यांची नावे कोणी लिहून ठेवली नाहीत. मला लुईपेक्षा त्यांचीच अधिक आठवण होते.

१८ नोव्हेंबर १६८६ रोजी सकाळी व्हर्सायच्या राजवाड्यात, गुंगीच्या औषधाशिवाय, खास बनवलेल्या वक्र शस्त्राने राजाचा भगंदर कापला गेला. राजाने हूं की चूं केले नाही, आणि त्याच दिवशी बिछान्यातून मंत्र्यांची बैठक घेतली. पुन्हा एकदा चिरे द्यावे लागले, पण नववर्षात तो बरा झाला. पुढची गंमत अशी की, राजाला झालेला रोग म्हणून तो रोगच प्रतिष्ठित झाला. ज्यांना तो होता ते उजळ माथ्याने सांगू लागले, आणि ज्यांना नव्हता असेही काही दरबारी शस्त्रक्रिया करून घेण्यासाठी वैद्याच्या मागे लागले. राजाला आराम पडल्याबद्दल जे स्तोत्रगायन झाले त्याचे नेतृत्व करताना लुल्ली या थोर संगीतकाराने ताल देण्याची काठी चुकून स्वतःच्याच पायावर मारून घेतली. जखम चिघळली आणि दोन-अडीच महिन्यांत तो मेला. राजा जगला, गवई गेला.

इंग्लंडात चार्ल्स डिकन्सने १८४१ साली हीच शस्त्रक्रिया सोसली, तीही गुंगीवाचून. क्लोरोफॉर्म यायला अजून सहा वर्षे होती. त्याच्या शस्त्रवैद्याने, फ्रेडरिक सामन याने, सहा वर्षांपूर्वी लंडनमध्ये केवळ याच रोगांच्या गरीब रोग्यांसाठी सात खाटांचे इस्पितळ उघडले होते. ते सेंट मार्क्स या नावाने आजही चालू आहे, आणि वर सांगितलेले पार्क्स तेथलेच.

परंतु मला ज्या माणसाचे खरे नवल वाटते तो आपल्याकडचा आहे. माझे आजोबा १९३६ सालच्या डिसेंबरात फैजपूरच्या काँग्रेसला पायी गेले होते. खेड्यात भरलेली ती पहिली काँग्रेस. तेथे त्यांनी गांधींना पाहिले. कितीदा तरी त्यांनी आम्हाला ते वर्णन सांगितले असेल! गांधींचा पंचा, गांधींचे घड्याळ, गांधींची बकरी. पण ही बकरी गांधींच्या आयुष्यात आली कोठून, हे आजोबांनी कधी सांगितले नाही. त्यांना ठाऊक नसावे.

ती आली या दुखण्यातून. १९१८ साली खेडा जिल्ह्यात पायपीट करून गांधींची प्रकृती खालावली होती. एका सणाच्या दिवशी कस्तुरबांनी केलेला गोड पदार्थ आणि मूग त्यांनी खाल्ले आणि आमांशाने अंथरूण धरले. (सण आणि पोट यांचे नाते दिवाळीपुरतेच नाही.) जिवाची आशा सुटावी इतके ते खंगले. हवापालटासाठी माथेरानला आले. तेथले पाणी जड. आमांशाने आधीच नाजूक झालेल्या जागी चिरा पडलेल्या. शौचाला जाणे म्हणजे मरणयातना, आणि त्या भयाने अन्नाचा घास नकोसा झालेला. आठवडाही पुरा न काढता ते माथेरान उतरले. मुंबईत शंकरलाल बँकरांच्या आग्रहाने डॉ. दलाल आले. दलाल म्हणाले, दूध घेतल्याशिवाय तुमचे शरीर सावरणार नाही. गांधींचे तर दूध न घेण्याचे व्रत. गायी-म्हशींवर होणारा जुलूम ऐकून घेतलेले. तेव्हा बिछान्याशी उभ्या असलेल्या कस्तुरबांनी बकरीच्या दुधाची पळवाट दाखवली. गांधींनी ती धरली, आणि आपण व्रताचे शब्द पाळले, आत्मा पाळला नाही, ही टोचणी जन्मभर बाळगली. १९१९ च्या जानेवारीत दलालांनी चिरांवर शस्त्रक्रिया केली. ती यशस्वी झाली. उठून बसण्याइतकी शक्ती येते न येते तोच वर्तमानपत्रात रौलट समितीचा अहवाल त्यांच्या वाचनात आला, आणि पुढची हकीकत शाळेतली मुलेसुद्धा सांगतील.

यातले काही मी शोधून काढलेले नाही. गांधींनी स्वतः लिहिले आहे. आत्मकथेची प्रकरणे १९२५ ते १९२९ या काळात दर आठवड्याला छापून येत होती, आणि त्यांत, सगळ्या देशाच्या डोळ्यांदेखत, या माणसाने आपल्या गुदाच्या चिरांविषयी लिहिले. लिहिताना शब्द चोरला नाही, विनोद केला नाही, दया मागितली नाही. रौलट कायद्याच्या प्रकरणातच ते आहे. मी वर्गात ते प्रकरण कैक वर्षे शिकवले. तो परिच्छेद मात्र मी दर वर्षी वगळत असे. मुले हसतील म्हणून. खरे म्हणजे मला नानांची ती घडी आठवे म्हणून.

नानांनी त्या अकरा वर्षांत काहीच केले नाही असे नाही. त्यांनी केले ते लपून केले, आणि लपून केलेल्या इलाजाला लपलेलाच वैद्य भेटतो. बोटात घोड्याच्या नालेची अंगठी घातली. सुरण खाल्ला, ताक प्याले. त्यात वाईट काही नाही, चरकानेही मूळव्याधीत ताकाची मोठी स्तुती केली आहे. पण भुयार ताकाने बुजत नाही. मग एका बाजाराच्या गावी, ट्रक उभा करून, ते एका पाटीखाली शिरले. ती पाटी वाचकांनी पाहिलेली आहे. महाराष्ट्रातल्या कोणत्याही तालुक्याच्या गावी एस.टी. स्टँडसमोर ती असते: मूळव्याध, भगंदर, बिना ऑपरेशन, बंगाली डॉक्टर. कधी तीवर चांदसी असाही शब्द असतो. चांदसी हे पूर्व बंगालात, बारिसालकडे एक गाव आहे. तेथे जखमा, मूळव्याध आणि भगंदर बरे करणाऱ्यांची परंपरा खरोखरच होती. पण पाटी रंगवायला परंपरा लागत नाही. त्या माणसाने नानांना पडद्याआड पालथे निजवून काहीतरी जळजळीत औषध आत सोडले. बाहेरचे तोंड महिनाभर मिटले. नानांनी मालकाकडून उचल घेऊन पैसे भरले. मग दुसऱ्या बाजूने नवे तोंड फुटले. शतपोनकाची सुरुवात.

ही पाटी चालते ती तिच्यावरच्या दाव्यामुळे नव्हे, पडद्यामुळे. सरकारी दवाखान्यात केसपेपर काढताना खिडकीशी मोठ्याने सांगावे लागते, काय होते आहे म्हणून. मागे रांग उभी असते. रांगेत गावचा कोणीतरी असतोच.

आता त्या दोऱ्याची गोष्ट. सुश्रुताने नाडीव्रणासाठी क्षारात भिजवलेल्या सुताचा प्रयोग सांगितला आहे. पुढे अकराव्या शतकात चक्रदत्ताने निवडुंगाचा चीक आणि हळद यांनी सूत भावित करण्याची कृती दिली. मग शतकानुशतके हे ज्ञान पोथीत राहिले. हातातून मात्र बहुतेक गेले. १९६० नंतरच्या दशकात काशी हिंदू विश्वविद्यालयात प्राध्यापक पी. जे. देशपांडे आणि त्यांचे सहकारी यांनी ते पोथीतून काढून पुन्हा हातात घेतले. (देशपांडे हे आडनाव वाचून मला उगाच आनंद झाला.) त्यांनी कृती पक्की केली. वीस नंबरचा मजबूत लिननचा दोरा घ्यायचा. त्याला निवडुंगाच्या चिकाचे अकरा हात द्यायचे, दर वेळी सुकवून. मग चीक आणि आघाड्याचा क्षार यांचे सात. शेवटी चीक आणि हळद यांचे तीन. एकूण एकवीस. हा दोरा भुयाराच्या एका तोंडातून घालून दुसऱ्यातून काढायचा आणि सैलसर गाठ मारायची. दर आठवड्याला जुन्याला नवा बांधून ओढून घ्यायचा. दोरा पुढे कापीत जातो, मागे जखम भरत येते. आठवड्याला सुमारे अर्धा ते एक सेंटिमीटर. स्नायू एकदम कापला जात नसल्यामुळे शौचावरचा ताबा जाण्याचे भय कमी.

भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेने अनेक ठिकाणी रोगी वाटून घेऊन ही पद्धत शस्त्रक्रियेशी ताडून पाहिली. त्याचा निष्कर्ष १९९१ साली छापला गेला. दोऱ्याला भरून यायला आठ आठवडे लागले, शस्त्रक्रियेला चार. परंतु रोग उलटण्याचे प्रमाण दोऱ्यात शेकडा ४, शस्त्रक्रियेत ११. कोणत्या रोग्याला कोणता मार्ग, हे जाणत्याने तपासून ठरवायचे असते. मी येथे कोणाची वकिली करीत नाही. मला नवल वाटते ते दुसऱ्याच गोष्टीचे. निवडुंग आमच्या शेताच्या कुंपणाला, आघाडा गौरीच्या पूजेत, हळद मायच्या डब्यात. नानांच्या रोगाचे औषध नानांच्या बांधावर अकरा वर्षे उभे होते.

२००४ साली मी त्यांना धुळ्याला आणले. आणले म्हणजे काय, तर एका रात्री ओट्यावर त्यांच्याशेजारी बसून मी एवढेच म्हणालो, "नाना, ती फडक्याची घडी मले माहीत शे." ते पुष्कळ वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "कधीपासून?" मी म्हणालो, "आठवीपासून." माय आत भांडी घाशीत होती, ती थांबली.

पंधरा आठवडे दर सोमवारी ते पारोळ्याहून धुळ्याला येत. मी शाळेतून अर्धी रजा काढून स्टँडवर जाई. पहिले दोन दोरे बदलताना त्यांनी माझा हात धरला होता. पुढे पुढे वैद्याशी केळीच्या भावाच्या गप्पा मारू लागले. दुसरी वाट आधी भरली, पहिली मागाहून. शेवटचा दोरा आपोआप गळून हातात आला तेव्हा वैद्यांनी तो त्यांना दाखवला. बोटभर पिवळट सूत.

त्या दिवशी परतीच्या गाडीला अवकाश होता. आम्ही धुळ्याच्या स्टँडवर गेलो. नाना सिमेंटच्या बाकावर बसले, दोन्ही पाय समोर पसरून, दोन्ही अंगांवर सारखा भार टाकून. मी चहा आणायला गेलो. परत आलो तो त्यांच्यासमोर खाकी कपड्यांतला एक ड्रायव्हर उभा होता. बाकावर जागा होती, पण तो बसत नव्हता. खांबाला टेकून एका पायावरून दुसऱ्या पायावर भार टाकीत होता. नाना त्याच्याकडे बराच वेळ पाहत राहिले. मग, आजूबाजूला दहा माणसे असताना, ट्रकच्या इंजिनावरून ऐकू जाईल अशा आवाजात त्यांनी विचारले,

"तुले बी शे का, भाऊ?"

तो माणूस चपापला. इकडेतिकडे पाहिले. मग मान हलवली. नानांनी माझ्या खिशातले पेन काढून घेतले आणि धुळे-पारोळ्याच्या तिकिटाच्या मागे वैद्यांचा पत्ता लिहू लागले. नाना चौथीपर्यंतच शिकलेले. त्यांना लिहायला वेळ लागला, आणि तेवढ्यात आमची गाडी सुटली.